टेपचं दुमडलेलं टोक

धाकट्याला एका जागी कधी बसवत नसे, पण बिघडलेल्या मशीनपुढे मात्र तो तास तास पालथा पडून राही. त्या दिवशी तेही जमेना. मागे घरच्या बाईंचं रांगतं पोर सारखं भांडी धुवायच्या मशीनकडे झेपावत होतं आणि दर वेळी धाकटा हात आडवा घालत होता.

"पाणी तापायला लागलं की हाताला झिणझिण्या येतात," बाई म्हणाल्या. "आधी नव्हतं असं. आधी नुसतं बोर्डावरचं ब्रेकर पडायचं. तीन आठवड्यांपूर्वी तुमचे मोठे भाऊ येऊन गेले, तेव्हापासून पडत नाही."

"पोराला उचला आणि तिकडच्या खोलीत बसा," धाकटा म्हणाला.

प्लग काढून त्याने मीटरचं एक टोक हीटरला लावलं, दुसरं पत्र्याला. मीटरने काही दाखवायला नको होतं, दाखवलं. हीटर फुटून करंट पत्र्यावर उतरत होता. यात नवल नाही, हीटरही म्हातारे होतात. पण मग ब्रेकर का पडत नाही? त्याने तळाची पट्टी खोलून टॉर्च मारला, तेव्हा घोडं कुठे पेंड खातंय ते कळलं. अर्थिंगची हिरवी-पिवळी वायर सोडवून, टेप गुंडाळून बाजूला सारली होती. करंटला जमिनीत जायला वाटच नाही, म्हणून ब्रेकर गप्प. आता वाट मिळणार ती हात लावणाऱ्याच्या अंगातून. आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, तसला हा इलाज.

टेपचं टोक जरासं दुमडलेलं होतं. मागून येणाऱ्याला नखाने उकरत बसावं लागू नये, ही दादाची शिकवण. असं टोक ठेवणारा दुसरा माणूस धाकट्याने पंचवीस वर्षांत पाहिला नव्हता. त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली आणि पाठोपाठ भीतीही वाटली.

गाडीतला नवा हीटर आणून त्याने बसवला, वायर जोडली, दोनदा तपासली आणि पाणी पुरतं तापेपर्यंत पत्र्याला टेस्टर लावून उभा राहिला. मग बाईंना म्हणाला, "अर्थिंगची वायर माझ्याच भावाने सोडवली होती. चूक आमची आहे." बाईंनी पोराला घट्ट धरलं आणि दार उघडून दिलं.

जिन्यातूनच त्याने फोन लावला.

"दादा, अर्थिंग काढलंस तू?"

"मीटरवरचे आकडे दिसत नाहीत रे मला," दादा म्हणाला. "दोन महिने झाले. अंदाजाने हीटर कसा बदलणार? वाटलं, तात्पुरतं करू आणि नंतर येऊन बघू."

"मला का नाही सांगितलंस?"

"तू घरी बसवलं असतंस."

बसवलं असतंच, हे धाकट्यालाही ठाऊक होतं. "आणखी किती ठिकाणी केलंस?"

"पाच."

"पत्ते सांग."

"वही मला वाचता येत नव्हती, मग लिहू काय? घरं आठवतात. ये, दाखवतो."

दादा रस्त्यावर येऊनच उभा होता. दुपारभर दोघं फिरले. गाडी थांबताच धाकटा दार उघडी, धावत जिने चढे आणि आधी प्लग काढून मग बोलू लागे. चार घरं सापडली. चारही ठिकाणी टेपची टोकं दुमडलेली होती. पाचवं मात्र सापडेना.

"गल्ली हीच," दादा म्हणाला. "मजला दुसरा की तिसरा, ते नाही सांगता येत. इमारतही हीच असावी."

या माणसाच्या दारात लोक स्वतः मशीन घेऊन येत, कुणापुढे त्याला कधी मान तुकवावी लागली नव्हती. तो कठड्याला धरून वर चढला आणि पहिली बेल वाजवली.

"तुमच्याकडे भांडी धुवायचं मशीन आहे का?" त्याने विचारलं. "हात लावला की झिणझिण्या येतात का?"

नाही म्हणून दार बंद झालं. दादा भिंत चाचपत शेजारच्या दाराची बेल शोधू लागला.