सासूचं नाव घ्यायचं नसतं

गेणभाऊंच्या तोंडून शब्द निघाला की तो माघारी घ्यायला ब्रह्मदेव आला तरी उपयोग नसे. नात झाली त्याच दिवशी त्यांनी पारगावच्या पारावर जाहीर करून टाकलं, "माझी आई परत आली. पोरीचं नाव ठकूबाई!"

तेव्हापासून त्यांच्या सुनेच्या, अक्षदाच्या घशाखाली घास उतरेना. आजेसासूबद्दल तिच्या मनात वाकडं काही नव्हतं. पण ठकू? उद्या वर्गात कुणाचं खोडरबर हरवलं तरी पोरं हिच्याकडेच बघणार! तिने नवऱ्याला सांगून पाहिलं. सुदर्शन नारायणगावच्या बाजारात टोमॅटोच्या भावावरून व्यापाऱ्यांशी तास तास भांडायचा. बापापुढे मात्र त्याचं मांजर व्हायचं. सासूबाई लंकाबाई तर या विषयावर तोंडच उघडत नव्हत्या.

बारशाचा दिवस उजाडला. घुगऱ्या शिजल्या, पाळणा सजला. 'गोविंद घ्या, गोपाळ घ्या' करत बाळ पाळण्याच्या खालून-वरून फिरलं. आत्या तेजस्विनी कानात कुर्र करायला वाकली. तिच्या पाठीत धपाटे घालायला बाया हात उगारून तयारच होत्या. अक्षदाने डोळे गच्च मिटले.

"थांब गं," लंकाबाई म्हणाल्या आणि नवऱ्याकडे वळल्या. "मला येक सांगा. ही दोगं कामावर गेल्यावर पोरीला संबाळायची कुनी?"

"तूच की," गेणभाऊ म्हणाले.

"मंग हाक कशी मारू? सासूचं नाव आजवर माझ्या तोंडातून निघालं न्हाई. पोरगी हौदाकडं पळाली तर काय म्हनू, अवो थोरल्या बाई, मागं फिरा? आन वांडपना केला तर धपाटा कुनाला घालू, सासूला?"

बायांत खसखस पिकली. गेणभाऊ मिशी कुरवाळत बसले. सासूचं नाव घ्यायचं नाही ही रीत त्यांच्याच आईने या घरात कडक पाळलेली. ती मोडायची कशी?

"मंग तुमीच ठरवा," ते शेवटी पुटपुटले.

"ओवी," अक्षदा चटकन म्हणाली.

गेणभाऊंनी पाळण्यात डोकावून नातीकडे पाहिलं. "आईला जात्यावरच्या ओव्या लई येत व्हत्या," ते म्हणाले. "ठेवा."

कुर्र झालं, धपाटे पडले. अक्षदाच्या छातीवरचा धोंडा असा उतरला, की ती हसतेय की रडतेय हे तिचं तिलाच कळेना.

बाया पांगल्यावर ती आत आली, तर लंकाबाई पाळण्यावर वाकून नातीशी बोलत होत्या. "वाचलीस गं बाई! ठकूबाई, ठकूबाई करून पोरांनी जीव खाल्ला असता तुझा."

"आई! तुम्ही नाव घेतलंत!"

लंकाबाईंनी जीभ चावली. "कुनी आयकलं?" मग पाळण्याची दोरी ओढत त्या हळूच म्हणाल्या, "माझं नाव लंका. शाळंत पोरं मला रोज पेटवायची. दुसरीतच शाळा सोडली मी. ही जाईल."