पातळ आमटी

"मावशी, फळीवरचा डाळीचा डबा उतरवून ठेवा. हादऱ्यानं पडंल." ड्रिल थांबवून रंगराव गवंडी म्हणाला.

"पडू दे. तुझ्या त्या दगडावर काय लिव्हलंय, तेवढं सांग आदी."

"मला काय ठावं? वरून कागद चिकटवूनच दिलाय. उद्या सायेब लोक उघडणार. आज फाडला तर मलाच बोलणी बसतील."

कुसुमताई तणतणत आत गेल्या. त्यांच्याच घराच्या भिंतीवर दगड बसत होता आणि त्यांनाच वाचायची सोय नव्हती.

पिंपळे गुरवातल्या या घरात त्यांची खाणावळ आहे. आता तिथे इंजिनिअरिंगची पोरं आणि चाकणला शिफ्टला जाणारे जेवतात. पूर्वी पिंपरीच्या कारखान्यांतले कामगार जेवायचे. मधुसूदन आंबेसंगे त्यांतलाच एक. लातूरकडून आलेला, हाडकुळा, लेथवर काम करणारा आणि मान वर न करता जेवणारा. पुढे तो लेखक झाला, मोठा झाला, आणि गेल्या वर्षी वारला. तो इथे जेवायचा याची आठवण राहावी म्हणून वॉर्डातल्या मंडळींनी हा दगड करवून घेतला होता. कुसुमताईंच्या मुलानं, रविराजनं, हौसेनं होकार दिला होता. आईला विचारायचं मात्र तो सोयीस्करपणे विसरला होता.

कारण मधुसूदननं कादंबरीत ही खाणावळ लिहिली होती, आणि लिहिलं होतं, ‘त्या आमटीत स्वतःचा चेहरा दिसे, डाळ मात्र दिसत नसे.’ झालं. ती एक ओळ गावभर झाली. भाजीवाला कोथिंबीर देताना म्हणायचा, "ताई, आमटीत टाका, न्हाईतर चेहरा दिसंल!" कॉलेजची पोरं आमटीच्या वाटीचा फोटो काढायला येत. घरात ते पुस्तक आणायची कुणाची छाती नव्हती.

आमटी पातळ होती, हे खरंच. कुसुमताईंनी ते कधी नाकारलंही नाही. ऐन जेवणाच्या वेळी दाराशी नवा माणूस उभा राहिला की त्याला परत पाठवायचं नाही, हा त्यांच्या सासूचा दंडक होता. मग पातेलं वाढवायचं कशानं? पाण्यानं. पण त्यांना लागलं होतं ते दुसरंच. सेकंड शिफ्टवाल्यांची ताटं वाढून, वर दुसरं ताट पालथं घालून त्या फळीवर ठेवत. कुणाचं कोणतं ते कळावं म्हणून वर खूण असे. कुणाचा कांदा, कुणाची मिरची. मधुसूदनच्या ताटावर जास्तीची वाटी पालथी घातलेली असे, कारण त्याला आमटी दोनदा लागायची. दोनदा मागून खाणाऱ्यानंच असं लिहावं?

"आई, मी फोन करून विचारलं," संध्याकाळी सून सलोनी जरा चाचरत म्हणाली. "दगडावर त्यांच्या कादंबरीतली ओळ आहे म्हणाले. खाणावळीवरची."

कुसुमताईंनी निवडायचं सूप बाजूला सारलं. "म्हंजे तीच. आजवर लोकांच्या तोंडात व्हती, आता दगडावर आली. मी मेल्यावरबी तिथंच ऱ्हाणार गं ती!"

रविवारी सकाळी त्यांनी आमटीला रोजच्या तिप्पट डाळ घातली. पाहुणे ती ओळ वाचतील आणि मग आत जेवायला बसतील. निदान त्यांच्या जिभेला तरी खरं काय ते कळू दे. पळी उभी राहील अशी आमटी झाली. रविराज डोकावून म्हणाला, "आई, ही आमटी आहे की पिठलं?" तेव्हा तीच पळी त्याच्यावर उगारली गेली.

बाहेर माईक खरखरला. नगरसेवक बोलले, टाळ्या झाल्या. कुसुमताई मोरीपाशी घासलेलीच भांडी पुन्हा घासत बसल्या होत्या. सगळे आता हसणार, म्हणून त्या वाट बघत होत्या. कुणी हसलं नाही.

सलोनी धावत आत आली. "आई, ऐका. ‘कितीही उशीर झाला तरी फळीवर माझं ताट झाकलेलं असे, आणि त्यावर माझी वाटी.’ एवढंच आहे. खाली त्यांचं नाव."

"आमटीचं?"

"काही नाही."

"नीट बघितलंस? बारीक अक्षरात बी न्हाई?"

"नाही हो, आई. आणि ही ओळ म्हणे त्याच पानावर आहे. लोकांनी नुसती वरचीच पाठ केली."

कुसुमताईंनी हातातलं भांडं खाली ठेवलं. इतकी वर्षं छातीवर बसलेलं काहीतरी उठून गेलं आणि त्यांना चक्क भूक लागली. पदरानं डोळे पुसत त्या म्हणाल्या, "मेल्यानं वाटी ध्यानात ठिवली."

मंडळी पांगल्यावर मधुसूदनची बायको, जयमाला, आत आली. लातूरहून या कार्यक्रमासाठीच आली होती. तिनं आधी ती फळी बघितली, हात लावून बघितली, मग पाटावर बसली. कुसुमताईंनी वाढलं. जयमालानं आमटीत कालवून एक घास घेतला आणि थांबली.

"काय झालं, वहिनी? मीठ कमी हाय?"

"नाही हो, ताई, छान झालीय. पण ही ती नव्हं." जयमाला संकोचून हसली. "मला घट्ट वरण लई आवडतं. पण लग्न झाल्यापासून यांचं एकच. पातळ कर, पिंपरीच्या ताई करायच्या तशी कर. मी किती पाणी घातलं तरी म्हणायचे, तशी नाही झाली. मला तुमचा लई राग होता बघा. वाटलं, एकदा खाऊन तरी बघावं."

कुसुमताई उठल्या. थोडी आमटी छोट्या पातेल्यात काढली, शेजारचं उकळतं पाणी तांब्यानं ओतलं, ढवळलं, पुन्हा थोडं ओतलं. जरा गूळ, एक आमसूल. एक उकळी आली तसा गॅस बंद केला, नवी वाटी भरून जयमालाच्या पुढ्यात ठेवली आणि समोर बसल्या.

जयमालानं वाटी उचलली नाही. ती वाकून आत बघत राहिली.

"जेवा, वहिनी," कुसुमताई म्हणाल्या. "निवंल."