दोन नव्या फळ्या

"डोलकाठ्या किती?" जकात नाक्याचे कारकून शेषराव यांनी विचारलं.

"काठी एकच हाय, मुन्शीजी. बांबूची," डोंग्यातून माणसं नदीपार करणारा नत्थुजी भोई म्हणाला.

शेषरावांनी 'एक' असं लिहिलं. छापील कागद मुंबईच्या गोदीसाठी निघाला होता आणि वाट चुकून वर्धा नदीच्या या घाटावर आला होता. पण खाली अमरावतीच्या साहेबाची सही पडली होती, म्हणजे आता ती चूक राहिली नव्हती. नदीच्या अलीकडे एक कमिशनर, पलीकडे दुसरा. सबब पलीकडचा काठ परदेश, आणि तिथून परतणारं खासगी गलबत तपासल्याशिवाय सोडायचं नाही.

"कोणत्या मुलखातून आलास?"

"शकुनच्या सासरहून. पोरगी दिली त्या गावाले परदेश म्हनता काय?"

"मी नाही म्हनत, कागद म्हनते. गेला तसाच डोंगा परत आला, तर जकात माफ. तसाच हाय ना?"

इथे नत्थुजीने नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. तो म्हणाला, "दोन फळ्या नव्या टाकल्या. पानी भरत होतं."

"मंग इकडंच काहून नाही टाकल्या?"

"इकडं सुतार दाखवा मले एक."

तेही खरंच. तिकडे अमेरिकेत लढाई जुंपल्यापासून वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता, आणि अकोल्यापासून अमरावतीपर्यंत हातात सुताराचा वाकस धरता येणारा प्रत्येक माणूस कापसाच्या गाड्या जोडत होता. नियमात मात्र परदेशी दुरुस्तीचं कलम वेगळं होतं: वरून हुकूम येईपर्यंत गलबत अडकवून ठेवावं.

"कवा येईन हुकूम?"

"येईन."

"कापूस वेचनीच्या बाया आत्ता पल्याडून येऊन राहिल्या, मुन्शीजी. एकदा पानी उतरलं का लुगडं वर धरून पायी येतात. मंग मले कोन पुसते?"

शेषरावांनी लेखणी जरा वेळ वरच धरली. पेन्शनीला दोन वर्षं उरली होती. मग त्यांनी लिहिलं: फळ्या दोन, नवीन.

नत्थुजी दुसऱ्या दिवसापासून गाड्यांवर कापसाने ठासून भरलेली बोंदरी चढवायला लागला. डोंगा नाक्यामागे बाभळीखाली ओढून ठेवला गेला. 'अडकवलेला माल होता त्याच स्थितीत राखावा' असंही एक कलम होतं. कोरडं लाकूड तडकतं, म्हणून शेषराव रोज दोन घागरी पाणी त्यावर ओतू लागले.

"काय मुन्शीजी, पालवी फुटते काय?" महादेवराव पाटील जाता-येता विचारत.

"फुटली का सांगतो," शेषराव म्हणत.

चैत्रात हुकूम आला. नदीतल्या डोंग्यांस सदर नियम लागू नाही, सोडून द्यावा. तोवर पाणी घोट्याएवढं झालं होतं. नत्थुजी आला. ओझ्याने सोलवटलेला खांदा सावरत त्याने अंगठा उठवला.

"ते मी लिहाले नाही पायजे होतं," शेषराव म्हणाले.

"मी तरी सांगाले नाही पायजे होतं."

पावसापर्यंत लाकूड तडकू नये म्हणून डोंगा बुडवून ठेवण्याजोगा डोह अर्ध्या कोसावर होता. नत्थुजीने दोर बांधला, दोनदा हिसका दिला. डोंगा हलला नाही. शेषरावांनी पगडी काढून डोंग्यात ठेवली आणि दोर आपल्याही खांद्यावर घेतला.

नदी पायी ओलांडणारी माणसं वाळूत थांबली आणि त्यांना वाट देत राहिली.