पिंप कोणी हलवले?

मित्रांनो, भर रस्त्यात खड्ड्याच्या तोंडाशी लाल-पांढरे पट्टे रंगवलेले एखादे पिंप तुम्ही पाहिले असेल. तुम्ही त्याला वळसा घालता आणि पुढे जाता. असलेच एक जुने, गंजके पिंप मी. मला दोन वेळा रंग दिला गेला, पण अंगावरचा एक डाग काही केल्या जात नाही. तो कसा लागला, तेच सांगतो.

काळेभोर डांबर पोटात घेऊन मी प्रथम निपाणीजवळच्या एका आवारात उतरलो. तिथून मला जांबोटीच्या रानातल्या रस्त्यावर नेले. दगडांच्या चुलीवर मला तापवले आणि माझ्यातले डांबर खडीवर ओतले. त्या रस्त्यावरून पहिली एसटी धावली तेव्हा मला केवढा अभिमान वाटला! रिकामा झाल्यावर माझे वरचे झाकण कापून माझ्यात पाणी भरू लागले. रोलरच्या चाकांना डांबर चिकटू नये म्हणून ते पाणी चाकांवर शिंपडत. काही वर्षे असे चालले. मग बुड गंजून मला भोक पडले आणि मी बेळगावातल्या एका शेडच्या मागे गवतात पडून राहिलो. एका कुत्रीने माझ्या आडोशाला पिल्ले घातली, तेवढाच काय तो माझा उपयोग.

तिथे मला भरमूने पाहिले. भरमू म्हणजे शहरातले खड्डे बुजवणाऱ्या टोळीचा मुकादम. त्याने मला खरवडले, पट्टे ओढले, वारा-पावसात कलंडू नये म्हणून पोटात दगड भरले आणि माझ्या पाठीवर थाप मारली.

"पानी ऱ्हात न्हाई तुझ्यात. उभारून राखण कर म्हंजे झालं!"

त्या दिवसापासून मी खड्ड्यांचा राखणदार झालो.

त्या पावसाळ्यात मला वडगावकडे जाणाऱ्या एका रस्त्यावर ठेवले. पाण्याचा पाइप टाकायला तिथे खणले होते आणि नंतर माती खचून खोल खड्डा झाला होता. तो बरोबर सरोजिनीबाईंच्या फाटकासमोर होता. बाई शाळेतून निवृत्त झालेल्या. खड्ड्याची तक्रार त्यांनीच फोनवर फोन करून लावून धरली होती, म्हणून भरमू आला. त्याने खड्ड्यात दगड आणि मुरूम भरून दाबला.

"एवढंच? डांबर कुठाय?" बाईंनी फाटकातूनच विचारले.

"बाई, वल्यावर डांबर धरत न्हाई. आज टाकलं की चार दिसांत निघतंय. पाऊस गेला की हे चौकोनी कापतो, झाडून वाळवतो, गरम माल घालून रोलर फिरवतो. तवर हे पिंप हिथनं हलवू नका. पावसानं मुरूम धुऊन जातोय, आणि पानी साठलं की खड्डा कुणाला दिसत न्हाई."

"हलवीन कशाला? माझं लक्ष असेल."

आणि खरोखरच बाईंचे लक्ष असे. एखाद्या रिक्षाने मला धक्का दिला तर त्या स्वतः येऊन मला सरळ करीत. शाळेला जाणाऱ्या मुलांना थांबवून म्हणत, "पिंपाच्या डावीकडून जा रे बाळांनो." मला वाटे, माझे म्हातारपण मोठ्या भल्या दारात आले!

श्रावणात बाईंच्या लेकीच्या, अबोलीच्या बाळाचे बारसे निघाले. घरात माणसांची ही गर्दी. सकाळी जेवणाची पातेली घेऊन टेम्पो आला, पण माझ्यामुळे त्याला फाटकात वळता येईना. ड्रायव्हर हॉर्न वाजवू लागला. बाई पदर खोचून बाहेर आल्या.

"पिंप जरा बाजूला घ्या. मीही हात लावते. टेम्पो गेला की लगेच ठेवू परत."

ड्रायव्हरने आणि बाईंनी मला कडेवर कलते केले आणि फिरवत फिरवत कुंपणाशी नेले. पातेली उतरली, टेम्पो गेला. तेवढ्यात अबोलीच्या सासरची मंडळी आली. बाई हसत त्यांना आत घेऊन गेल्या आणि मी कुंपणाशीच राहिलो.

दुपारी पावसाची मोठी सर आली. मुरूम कधीच वाहून गेला होता. खड्डा काठोकाठ भरला आणि रस्ता सगळा एकसारखा सपाट दिसू लागला. मी बघत होतो. मला पाय नव्हते, आवाज नव्हता. पण मित्रांनो, राखणदाराला या सबबी शोभत नाहीत.

आत पाळणा म्हणणे चालू असताना वडगावकडून मंगल आली. ती घरच्या मागावर साड्या विणणारी. स्कूटरवर पुढे साड्यांचे गाठोडे होते आणि ती पेठेत निघाली होती. स्कूटरचे पुढचे चाक खड्ड्यात गेले. गाठोडे उडून चिखलात पडले आणि मंगल उजव्या हातावर आदळली. तिची किंकाळी ऐकून पाळणा थांबला.

माणसे धावली. कोणी पाणी आणले, कोणी रिक्षा थांबवली. तिचा हात मनगटापासून वेडावाकडा झाला होता. ती सारखी म्हणत होती, "माझ्या साड्या उचला गं कुणीतरी..."

"हितं पिंप होतं की! गेलं कुठं?" गर्दीतून कोणी विचारले.

"उचलून नेलं असणार त्या खड्डे बुजवणाऱ्या लोकांनीच. त्यांना काय पडलंय?"

बाई पायरीवर उभ्या होत्या. त्यांचे ओठ हलले. मग त्यांनी मागे वळून अबोलीच्या सासूकडे पाहिले आणि तोंड मिटले. रिक्षा गेली, गर्दी पांगली. तेव्हा बाई आणि त्यांचे यजमान हरिभाऊ बाहेर आले. दोघांनी मला फिरवत परत खड्ड्याच्या तोंडाशी आणून ठेवले.

"आता बोलून तिचा हात जोडणार आहे का?" हरिभाऊ हळूच म्हणाले. "पाहुणे आहेत घरात. आत चल."

पण ते परत ठेवणेच भरमूच्या मुळावर आले. लोक म्हणू लागले, अपघात झाल्यावर मुकादमाने गुपचूप पिंप आणून ठेवले, काय हुशारी! दोन दिवसांत त्याला कामावरून काढून घरी बसवले. तो सायकल घेऊन बाईंच्या फाटकाशी आला.

"बाई, मी सोत्ता पिंप ठेवलोतो. तुमच्या म्होरंच ठेवलोतो. तुमी बघितलासा न्हवं? एवढं साहेबास्नी सांगा."

बाई फाटकाच्या कडीशी चाळा करीत राहिल्या. "मी त्या दिवशी बारशाच्या गडबडीत होते, भरमू. माझं लक्ष नव्हतं."

"पर आदल्या दिशी तर हुतं न्हवं?"

"मला... नीट आठवत नाही."

भरमूने त्यांच्याकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले. आणि तो सायकल ढकलत निघून गेला. वर चढायचेही त्याला भान नव्हते.

त्यानंतर बाईंनी माझ्याकडे पाहणे सोडले. त्या मागच्या दाराने बाजाराला जाऊ लागल्या. मला कोणी कलंडवले तरी सरळ करायला कोणी येईना. एका सकाळी त्या फुले तोडताना थांबल्या आणि कितीतरी वेळ नुसत्या उभ्या राहिल्या. परडी रिकामीच राहिली. रागावावे असे मला वाटे, पण राग येईना. माझ्याच जागेवरून मी हललो होतो ना!

पावसाची झड सरली तसे नवे इंजिनियर सुहास खड्डा पाहायला आले. गल्लीतली माणसे जमली.

"साहेब, त्या भरमूला परत घेऊ नका," एक जण म्हणाला. "सरोजिनीबाईंनी खड्ड्याची तक्रार लावून धरली होती, म्हणूनच निदान एकाला तरी धडा मिळाला. बाई, तुम्हीच सांगा साहेबांना. तुमच्या शब्दाला मान आहे."

सगळे बाईंकडे वळले. त्या पुढे आल्या आणि माझ्या काठावर हात ठेवला.

"भरमूने पिंप ठेवलं होतं," त्या म्हणाल्या. "ते मी हलवलं. टेम्पो आत यावा म्हणून. परत ठेवायला विसरले. आणि ती बाई पडल्यावर... मीच ते परत आणून ठेवलं. भरमू मला विचारायला आला होता, तेव्हा मी खोटं बोलले."

ज्याने बाईंची स्तुती केली होती, तो चपलेच्या टोकाने खडे सारू लागला. हरिभाऊ फाटकातून बाहेर आले आणि बाईंच्या शेजारी उभे राहिले.

"परत ठेवताना मीही होतो," ते म्हणाले. "गप्प राहा, असं मीच सांगितलं."

सुहासांनी हातातली वही मिटली. मग म्हणाले, "उद्या ऑफिसात येऊन हेच सांगाल का, बाई?"

"आजच येते," बाई म्हणाल्या.

भरमू कामावर परत आला. दिवाळीनंतर त्याच्या टोळीने हा खड्डा घेतला. कडा चौकोनी कापल्या, आतली सैल माती काढली, पातळ डांबर मारून वर वाफाळता माल ओतला आणि रोलर फिरवला. बाई सकाळपासून फाटकाशी उभ्या होत्या. शेवटी त्या जवळ आल्या.

"भरमू, मी तुझी अपराधी आहे."

भरमूने फावडे टेकवले. "पिंप हलवलासा, ती चूक झाली, बाई. कुणाकडनंबी हुती. पर मी दारात आलोतो तवा..." त्याने वाक्य पुरे केले नाही. "माझी पोरगी तुमच्याच शाळंत शिकली, बाई," एवढेच तो म्हणाला आणि पुन्हा कामाला लागला.

तेवढ्यात वडगावच्या बाजूने मंगल चालत आली. काखेत एक छोटे गाठोडे होते. बाई तिच्या घरी जाऊन सगळे सांगून आल्या होत्या, दवाखान्याच्या खर्चाचा भारही त्यांनी उचलला होता. तरी तिला पाहताच त्यांची मान खाली गेली.

"हात कसा आहे गं?"

मंगलने बोटे मिटून दाखवली. ती पुरती मिटत नव्हती. "मागाचा धोटा धरवत न्हाई अजून. सासूबाई विणत्यात, मी सुताच्या कांड्या भरते."

"मला माफ कर, मंगल."

मंगलने गाठोडे दुसऱ्या काखेत घेतले. "तुमी खरं सांगितलासा, आक्का, ते बरं झालं. माझ्या मनात त्या गरीब माणसाबद्दल उगंच राग बसला असता." मग ती हळूच म्हणाली, "पर थंडीत हात लई दुखतोय."

आणि ती नव्या डांबरावरून, जपून पाऊल टाकत, पेठेकडे गेली. बाई ती दिसेनाशी होईपर्यंत तिथेच उभ्या होत्या.

आता मी हिंडलग्याच्या वाटेवर दुसऱ्या एका खड्ड्यापाशी उभा आहे. मित्रांनो, माझे एवढे ऐका. कधी तुम्हाला गाडी वळवायची असेल, मांडव घालायचा असेल, तर मला खुशाल बाजूला करा, मी काही देव नव्हे. पण मी जागेवर परत येईपर्यंत तुमच्यापैकी कोणीतरी तिथे माझ्या जागी उभे राहा.