जुना क्लच

अण्णांनी आधी गॅरेजच्या दाराकडे पाहिलं, मग कपाटाच्या खालच्या फळीवरून जुना क्लच काढला आणि चिंधीनं पुसला. नवा क्लच बाकावर उघडाच पडला होता, तांब्याच्या ठोकळ्यांचा, जाडजूड. तो त्यांनी खोक्यात घातला आणि खोकं ऑइलच्या डब्यांमागे ढकललं. मग पुन्हा एकदा दाराकडे पाहिलं. चोरीची सवय नसली की असं होतं.

बारकी रेडिएटरचे पाइप आणायला गेली होती. बारकी म्हणजे त्यांची धाकटी लेक; आता बापापेक्षा वीतभर उंच, पण नाव चिकटलं ते चिकटलं. समोरची लाल रंगाची छोटी गाडी तिनं वर्षभर खपून उभी केली होती. इंजिनाची ताकद वाढवणारा टर्बो लावला म्हणून पिस्टन बदलले, पिस्टन बदलले म्हणून पेट्रोलचा पंप मोठा घेतला, ताकद वाढली म्हणून गिअर आणि चाकांकडे जाणारे अ‍ॅक्सल जाड घेतले. एक वाढवलं की पुढचं कच्चं पडतं, त्यामुळे प्रत्येक भाग तिनं दुसऱ्याच्या जोडीनं निवडला होता. एवढी ताकद पेलणारा नवा क्लचसुद्धा तिनंच निवडला होता. बसवायचं काम तेवढं अण्णांचं, कारण इंजिन तिच्याकडे आणि गिअरबॉक्स त्यांच्याकडे. दोघांच्या या गॅरेजची रीत अशी, की एकानं बंद केलेलं दुसऱ्यानं उघडून बघायचं नाही. बापलेकीच्या या विश्वासाचं गिऱ्हाइकांना फार कौतुक.

अपघातात चेपलेल्या गाड्यांतून अण्णांनी आजवर कितीतरी गिअरबॉक्स उतरवले होते. एकदा पेडलखाली अडकलेली चप्पल निघाली होती, बायकांची, नवीकोरी. टर्बोची पहिली शिट्टी गॅरेजात घुमली त्या दिवसापासून ती चप्पल त्यांच्या डोळ्यांपुढून हलत नव्हती. बारकीला 'नको' म्हणायची सोय नव्हती. ती हसली असती आणि करायचं ते केलंच असतं. म्हणून हा गाडीचा मूळचा, जुना क्लच. ताकद जास्त आली की तो घसरणार. इंजिन नुसतं ओरडेल, गाडी काही पळणार नाही. पोरगी वैतागेल, गाडी विकून टाकेल. यात कुणाचंच नुकसान नाही, असं त्यांनी स्वतःला पटवलं आणि बोल्ट आवळले.

"झालं का, अण्णा?" दारातून बारकीनं विचारलं.

"झालं."

"नीट ना?"

"आता माझ्या कामावर शंका घे," अण्णा म्हणाले आणि उगाचच बराच वेळ हात धूत राहिले.

चाचणीला निघताना ते हट्टानं तिच्या शेजारी बसले. गल्लीबोळात गाडी अगदी शहाण्यासारखी चालली. चौकातल्या पोरांनी वळून पाहिलं तेव्हा बारकीनं मान ताठ केली, आणि तिच्याकडे बघून अण्णांना क्षणभर आपलीच लाज वाटली.

हायवेवर पुढे एक टँकर रेंगाळत होता. समोरून बस येत होती, पण लांब होती.

"जाऊ?"

अण्णांना नाही म्हणायचं होतं. पण मग का नाही, तेही सांगावं लागलं असतं. त्यांनी पट्टा घट्ट धरला, आणि बारकीनं गाडी बाहेर काढली.

इंजिन किंचाळलं. आरपीएमचा काटा उडी मारून वर गेला. गाडी मात्र टँकरच्या मागच्या चाकाशी होती तिथेच राहिली.

"अण्णा, ओढत नाहीये!"

टँकरचं चाक अण्णांच्या खिडकीशी फिरत होतं. समोरची बस मोठी होत चालली होती, तिचे दिवे पेटले, हॉर्न वाजू लागला.  अण्णांचे पाय नसलेला ब्रेक दाबत राहिले. बारकीनं खरा ब्रेक दाबला. टँकर पुढे सरकायला किती वेळ लागतो ते त्यांना त्या दिवशी कळलं. ती कशीबशी त्याच्या मागे शिरली, आणि बस इतकी जवळून गेली की गाडी हलली.

कडेला थांबल्यावर जळका वास आला. बारकीनं स्टिअरिंग सोडलं नव्हतं.

"लागलं नाही ना तुम्हाला?"

त्यांनी मानेनंच नाही म्हटलं.

"माझंच चुकलं. हा क्लच एवढं सोसेल असं धरून चालले मी. आज तुम्हाला मारलं असतं, अण्णा." ती काचेतून समोर बघत होती. "विकून टाकते गाडी. आणि यापुढे कुणाच्या इंजिनाला हात लावणार नाही. गिऱ्हाइकाच्या गाडीत असं झालं असतं तर?"

मनातलं सगळं मिळालं होतं, मागितलं त्याहून जास्तच. आता फक्त तोंड बंद ठेवायचं होतं. क्लच तेच उतरवणार होते, कुणाला पत्ताही लागला नसता. अण्णांनी तिच्या हातांकडे पाहिलं. नखांत वर्षभराचं ग्रीस होतं.

"तुझं नाही चुकलं."

"समजूत काढू नका."

"आत जुना क्लच आहे. तुझा नवा डब्यांमागे ठेवलाय. मी."

तिनं त्यांच्याकडे पाहिलं नाही.

"का?"

"भीती वाटत होती."

"कशाची?"

अण्णांनी बस गेली त्या दिशेला बोट दाखवलं.

"याचीच."

बारकी खाली उतरली. दार आपटलं नाही, तेच त्यांना जास्त लागलं. ती रस्त्याच्या कडेनं चालत बरीच लांब गेली आणि पाठ करून उभी राहिली. त्यांना उतरून तिच्यापाशी जायचं होतं, पण त्यांनी दार उघडलं आणि पुन्हा लावून घेतलं. ती अशीच चालत घरी जाईल आणि पुन्हा कधी आपल्याला काही विचारणार नाही, असं वाटून त्यांचे डोळे भरले.

ती परत आली, बसली, पट्टा लावला.

"पुढच्या वेळी भीती वाटली तर मला सांगा," ती म्हणाली. "गाडीला सांगू नका."

"आत्ताही वाटतेय."

तिनं पहिल्यांदा त्यांच्याकडे पाहिलं. मग गिअर टाकला आणि गाडी कडेकडेनं, माणसाच्या चालीनं काढली.

"सांगा मग," ती म्हणाली. "घरी पोचायला वेळ आहे."