रिकामी बाबागाडी

“स्टेशन होणार आहे, असं सगळे म्हणतायत. झालंय, असं कोणी म्हणत नाही. एवढं ध्यानात ठेव आणि मग सही कर,” रिकाम्या फ्लॅटच्या खिडकीतून रुळांकडे बघत आई म्हणाली होती.

लेकीने ते हसण्यावारी नेलं. पोटात बाळ होतं, घरात वारा खेळत होता, आणि बिल्डरच्या माणसाने दाखवलेल्या रंगीत चित्रात थेट खिडकीखाली फलाट होता. त्यावर हसरी माणसंसुद्धा काढलेली होती. आईचं काय, ती दुधाच्या पिशवीवरची तारीखही पुन्हा पुन्हा वाचते.

पुढे बाळ झालं, बाळाची बबडी झाली, बबडी रांगायला लागली, आणि गाड्या खिडकीची तावदानं हलवत तशाच निघून जात राहिल्या. थांबायचं नाव नाही. जुन्या गावातलं स्टेशन गाठायचं तर बस, आणि बस पुलाच्या तोंडाशी हमखास अडकायची. ती धापा टाकत पाळणाघरात पोचायची तेव्हा बाकीची मुलं केव्हाच घरी गेलेली असायची. शेवटी पाळणाघरवाल्या काकूंनी गोड शब्दांत सांगून टाकलं की पुढच्या वर्षापासून इतका उशीर काही जमायचा नाही. म्हणजे नोकरी सोडायची, नाहीतर घर. नवरा म्हणायचा, “बघू.” त्या ‘बघू’त तो इतका आरामात राहायचा की तिला कधी कधी त्याचा हेवा वाटे.

बबडीला ताप होता म्हणून ती एकदा घरी राहिली, त्या दिवशी तिला ती बाई दिसली. पिकलेल्या केसांची, सुती पिशवी खांद्याला लावलेली. निळ्या कापडाची बाबागाडी ढकलत ती सोसायटीच्या मागच्या भिंतीपर्यंत यायची, भिंतीकडे बघायची, वळून जायची. थोड्या वेळाने पुन्हा हजर. गाडीतून ना रडणं, ना हात, ना पाय.

आता बबडीची आई म्हणजे काय, ते सगळ्या इमारतीला ठाऊक होतं. कुलूप लावलं की चार वेळा ओढून बघणारी, नवऱ्यालाही दाराच्या भिंगातून पारखून आत घेणारी. मुलं पळवणाऱ्यांच्या बातम्या तिला तोंडपाठ होत्या. तिने वॉचमनला फोन लावला, तो नेहमीप्रमाणे जागेवर नव्हता. मग तापलेल्या बबडीला शालीत गुंडाळून ती स्वतःच खाली उतरली आणि बाईंच्या समोर जाऊन उभी राहिली. गाडीत कुणाचं बाळ आहे, असं तिने शक्य तितक्या करड्या आवाजात विचारलं.

बाईंनी कापड बाजूला केलं. आत पाण्याचे दोन कॅन दोरीने बांधलेले होते.

“वर्षाच्या पोराएवढं वजन होतं,” बाई म्हणाल्या. “रडत नाही, एवढाच फरक. तुमची मुलगी मोठी गोड आहे हो. कपाळ तापलेलं दिसतंय, उन्हात कशाला आणलीत?”

ओशाळून तिने त्यांना घरी नेलं. चहा पिता पिता कळलं ते असं. बाई रेल्वेच्या नियोजन कार्यालयात होत्या आणि निवृत्तीला थोडे दिवस राहिले होते. नव्या वस्त्यांसाठी या मार्गावर एक थांबा द्यायचा ठरत होता. जागा दोन होत्या: एक इथे, भिंतीपलीकडे, आणि दुसरी लांब, हमरस्त्याच्या चौकापाशी. कार्यालयातली मंडळी नकाशावर थांब्याभोवती वर्तुळ काढत आणि त्यात येतील तेवढी घरं चालत येणारी म्हणून धरत. बाई मात्र वर्तुळातल्या प्रत्येक इमारतीपासून थांब्याच्या जागेपर्यंत बाबागाडी ढकलून बघत. गाडी त्यांच्या लेकीची होती. लेक आता परदेशात होती आणि गाडी कार्यालयात टेबलाखाली असायची. सहकारी चेष्टा करत, “आज नातवंड कुठे फिरायला निघालं?” एक चाक कुरकुरायचं. त्याला तेल का घालत नाही, असं तिने विचारलं, तर म्हणाल्या की मुद्दामच नाही घालत. कुरकुर बदलली की रस्ता कुठे बिघडला ते खाली न बघता समजतं.

“मग इथे काय समजलं?” तिने विचारलं.

“तुम्ही वर्तुळात आहात. पण मधे तुमची भिंत आहे. तिला वळसा घालून, हमरस्त्याच्या कडेने, बिनफुटपाथचं यायचं, तर लेकरू घेऊन कुणी चालत येणार नाही. मी तसंच लिहिणार.”

तसं लिहिलं तर थांबा चौकात जाणार, हे तिला न सांगता कळलं. चौक म्हणजे पुन्हा बस, पुन्हा पूल. तिने धीर करून विचारलं, “तुम्ही भिंतीबद्दल काही बोललाच नाहीत तर?”

बाईंनी कप खाली ठेवला. “तर थांबा इथे होईल. फीत कापतील, फोटो येतील. आणि चालत कोणी येणार नाही म्हणून एक दिवस गाडी थांबायची बंद होईल. मी असा बंद थांबा पाहिलाय, माझ्याच हाताखालून गेलेला. फलाटावर गवत इतकं वाढलेलं की बाक शोधावा लागला. तुम्हाला तसला नको द्यायला मला.” मग बबडीच्या पायाला हळूच चिमटा काढून म्हणाल्या, “भिंतीला दार पडलं, तर गोष्ट वेगळी.”

ती भिंत उंच करून घ्यायला सगळ्यात पुढे हीच होती. बबडी रांगायला लागली तेव्हा रुळांच्या धास्तीने तिने मजल्या-मजल्यावर जाऊन लोकांना तयार केलं होतं. त्या रात्री तिला झोप लागली नाही.

सोसायटीच्या सभेला बाई आल्या. लोकांना हवं होतं मोठं स्टेशन, वाहनतळ आणि सगळ्या जलद गाड्या. बाईंनी एकही गोष्ट फुगवून सांगितली नाही. मार्ग एकेरी आहे; इथे एक गाडी थांबली की समोरच्या गाडीला मागे कुठेतरी ताटकळत बसावं लागतं; बाजूचा रूळ टाकून होईपर्यंत सकाळी आणि संध्याकाळी मोजक्याच गाड्या थांबतील; फलाटही आधी आखूडच असेल. पलीकडच्या गावांतल्या लोकांचा वेळ जातो, तोही आपल्याच हिशेबात धरायचा, असंही त्या म्हणाल्या. मागून कोणीतरी टोमणा मारला की एवढंसं द्यायला एवढ्या लांब कशाला आलात. बाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, “एवढंसं आहे, पण टिकेल. दाराचं तेवढं तुमच्या हातात आहे.”

दार म्हटल्यावर गलका उठला. चोर येतील, फेरीवाले येतील, मुलं रुळांवर जातील. सगळ्यांच्या नजरा बबडीच्या आईकडे वळल्या, कारण हे सगळं एरवी तीच बोलायची.

ती उठली. बबडी कडेवर होती, तिने आईची बट मुठीत धरली होती. “भीती मलाच सगळ्यात जास्त वाटते,” ती म्हणाली. “आताही वाटतेय. दाराला कडी लावा, पलीकडे रुळांच्या बाजूने कुंपण घाला, वॉचमनला तिथे बसवा. पण दार पाडा. रोज संध्याकाळी ही दुसऱ्याच्या कडेवर झोपलेली मिळते मला.”

मग सोसायटीच्या अध्यक्षांनी चष्मा पुसला. “ज्या बाई मला, शेजाऱ्याला, साखर परत करायला आलो तर साखळी न काढता वाटी घेतात, त्या म्हणतायत दार पाडा. आता आपण काय बोलणार?” हशा पिकला, आणि त्या हशातच हात वर झाले.

थांबा व्हायला वेळ लागला. चालढकल झाली, निविदा अडली, पावसाळा आडवा आला. पण झाला. तोवर बबडी पळायला लागली होती, आणि मधला काळ नवऱ्याने ‘बघू’तून बाहेर येऊन, कामाची वेळ बदलून, पाळणाघराची ने-आण सांभाळत काढला होता. उद्घाटनाला बाईंना कोणी बोलावलं नाही; त्या निवृत्त झाल्या होत्या. फीत कापणारे मोटारीने आले आणि मोटारीने गेले. बाई तिकीट काढून पहिल्या गाडीतून उतरल्या, निळी बाबागाडी सोबत घेऊन. फलाटाच्या उतारावरून, दारातून, शेवटच्या इमारतीपर्यंत त्या ढकलत गेल्या आणि परत आल्या. कुरकुर फक्त दाराच्या उंबऱ्यापाशी बदलली. तिथली लोखंडी पट्टी वर आली होती. अध्यक्षांनी आठवड्याच्या आत ती घासून सपाट करून घेतली.

मग दर गुरुवारी संध्याकाळी बाई यायच्या. फलाटावरच्या बाकाच्या टोकाला बसून कामावरून परतणारी माणसं दारातून आत जाताना बघत राहायच्या. बबडी आता आईच्या हाताला धरून चालायची, बाईंना ‘गाडीआजी’ म्हणायची. बाई पुढच्या गाडीने परत जायच्या. कुठे राहता म्हटलं, तर हात हलवून म्हणायच्या, “याच मार्गावर, पार टोकाला. जिना जरा चढाचा आहे, तेवढंच.” बसता-उठता गुडघ्यावर हात असायचा. फोन नंबर घ्यायचं नेहमी राहून जायचं. येणारच आहेत की गुरुवारी, असं वाटायचं.

आता बरेच गुरुवार त्या आलेल्या नाहीत. कार्यालयाने निवृत्तांचे पत्ते देत नाही म्हणून सांगितलं. ती सुट्टीच्या दिवशी बबडीला घेऊन टोकाच्या स्टेशनापर्यंत जाऊन आली, दुकानांत विचारलं, दोन-चार जिने चढून पाहिले. बाकाच्या टोकाला अजून कोणी बसत नाही; बबडी बसू देत नाही.

तेव्हा तुम्ही या मार्गाच्या त्या टोकाला राहत असाल आणि तुमच्या जिन्याखाली निळ्या कापडाची बाबागाडी उभी असेल, तर ती जरा पुढे ढकलून बघा. एक चाक कुरकुरलं, तर वर जाऊन दार वाजवा. उघडायला वेळ लागेल, त्यांचे गुडघे दुखतात. लगेच परत फिरू नका.