रहाटाचा रेडा

शरदचंद्रने विहिरीवरच्या पाण्याच्या इंजिनाला हँडल अडकवलं आणि दातओठ खात पुन्हा फिरवलं. इंजिन दोनदा खोकलं आणि काळा धूर ओकून गप्प झालं.

"आमचा रहाट एक दिवस थांबला नाय," विहिरीच्या काठावरून त्याचे वडील हरिश्चंद्रभाऊ म्हणाले.

पानवेलीची सुकलेली पानं खुडता खुडता पुतळाबाईंनी कपाळाला हात लावला. झालं सुरू! स्वराज्य आल्यावर मुलाने हे इंजिन आणलं, तेव्हापासून नवऱ्याचं हेच पुराण. इंजिन चाललं तर रहाटाचं पाणी गोड होतं, बंद पडलं तर रहाट सोन्याचा होता. आज मात्र प्रकरण नुसत्या बोलण्यावर भागणार नव्हतं. वेलींनी माना टाकल्या होत्या आणि भाऊंनी इंजिन विकून परत रहाट बसवायचं ठरवलं होतं. निर्मळ गावचा आग्नेल रेडा दाखवायला येणार होता.

"मी ताईच्या दुखण्यात नाशकाला अडकलो होतो ना," भाऊ मुलाला सांगू लागले, "तवा इकडे रेड्याचा पाय धरला. परत येऊन बघतो तर शेवटच्या वेलीपर्यंत पानी! लंगडत राबला बिचारा. असं इमानी जनावर आता मिळायचं नाय."

पुतळाबाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. लंगडत राबला म्हणे! रेडा गोठ्यात पाय पसरून गवत खात होता. रहाटाच्या दांड्याला खांदा लावून गोल गोल फिरल्या होत्या त्या. खांद्याची सालं निघाली होती. परत आल्यावर भाऊंनी कौतुकाने गूळ चारला तो रेड्याला. तेव्हा त्या बोलल्या नाहीत, आणि आता बोललं तर म्हातारी उणंदुणं काढते म्हणतील. पण रहाट आला की उद्या तो दांडा कुणाच्या खांद्यावर येणार, हे त्यांना स्वच्छ दिसत होतं. सून प्रेमलता पोटुशी होती.

आग्नेल रेडा घेऊन आला. भाऊंनी दात बघितले, खूर बघितले, पाठीवर थाप मारली. जनावर मनात भरलं होतं.

"सगळं बरं, पन मधेच आजारी पडला तर?"

आग्नेल हसला. "त्यात काय, भाऊ? तेवढे दिवस घरची बाई ओढते की. आमची आय ओढायची. सगळ्यांच्याच वाडीत ओढतात. तुमच्याकडे नाय ओढला कोनी?"

"नाय" म्हणायला भाऊंनी तोंड उघडलं आणि ते तसंच राहिलं. ते सावकाश वळले. पुतळाबाई खुडलेली पानं ओच्यात घेऊन उभ्या होत्या. त्यांनी नजर खाली घेतली नाही.

"रेडा घेऊन जा," भाऊ म्हणाले.

"अवो, पन आताच तर..."

"घेऊन जा म्हनतो ना!"

आग्नेल पुटपुटत निघाला. भाऊंनी धोतर आवरलं, मुलाच्या हातून हँडल घेतलं आणि फिरवलं. इंजिन खोकलं.

"तुमच्याने व्हायचं नाय ते," पुतळाबाई चिडून म्हणाल्या. "सरा, मी बघते."

"तू बस."

इतक्या वर्षांत हे दोन शब्द त्यांनी नवऱ्याच्या तोंडून ऐकले नव्हते. त्या विहिरीच्या काठावर बसल्या. भाऊ घामाघूम होऊन हँडल फिरवत होते. इंजिन काही सुरू होत नव्हतं, आणि का कोण जाणे, पुतळाबाईंना त्याची घाईही नव्हती.